वीतभर इलिश

कोलकात्यातील नेमणुकीच्या काळातील एक रविवार मला अद्याप स्पष्ट आठवतो. दिल्लीहून दोन सहकारी सपत्नीक येणार होते, आणि पावसाळ्यात बंगालमध्ये येऊन इलिश न खाता परत जाणे म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा-पांढरा रस्सा न चाखता परतण्यासारखे. सकाळीच पिशवी घेऊन बाजारात गेलो. मासेवाल्यासमोर दोन ढीग होते. एका बाजूस किलोभर वजनाचे, रुपेरी, पाठीवर निळसर झाक असलेले इलिश. भाव किलोला पंधराशे रुपयांच्या वर. दुसऱ्या बाजूस तसेच दिसणारे, परंतु दीडदोनशे ग्रॅमचे लहान मासे, भाव चारशे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने हिशेब मनात चटकन मांडला गेला आणि मी दोन किलो लहान मासे घेतले.

सरकारी वसाहतीच्या जिन्यात शेजारच्या माशीमा भेटल्या. मावशीच्या वयाच्या स्त्रीला बंगालीत असे म्हणतात. त्या निवृत्त शिक्षिका. माहेर-सासर दोन्ही फाळणीच्या वेळी बारिसालहून आलेले. पिशवीत डोकावून त्या म्हणाल्या, "ए तो खोका!" खोका म्हणजे लहान मुलगा, बाळ. मी हसून म्हणालो, "स्वस्त मिळाले, माशीमा." त्या हसल्या नाहीत. "तुम्ही सरकारचे लोक, बाबा. तुम्हीच हे घेतले तर आम्ही कोणाला सांगायचे?" एवढेच बोलून त्या आपल्या दारी वळल्या.

मला अधिक टोचले ते पुढचे. मला नियम माहीत नव्हता असे नाही. पश्चिम बंगाल सरकारने २०१३ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार २३ सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडणे, त्याची वाहतूक करणे आणि तो विकणे यांस मनाई आहे, हे एका बैठकीच्या कागदपत्रांत मी स्वतः वाचलेले होते. ज्याच्या टेबलावर नियम येतो, त्याच्याच पिशवीत तो मोडलेला सापडतो, याला काय म्हणावे? त्या दिवसापासून या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही. आज जे लिहितो आहे ती माझी व्यक्तिगत मते आहेत, कोणत्याही कार्यालयाची नव्हेत, हे आरंभीच नमूद करतो.

प्रथम या माशाविषयी थोडे. इलिश, म्हणजेच हिलसा, हा बंगालच्या उपसागरात वाढणारा, पण अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्यात शिरणारा मासा आहे. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की तो प्रवाहाच्या उलट वर चढतो. आश्विनाच्या सुमारास अंडी घालण्याचा मुख्य हंगाम असतो. एक मादी लक्षावधी अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्ले काही महिने नदीत आणि खाडीत वाढतात व उन्हाळा लागण्याच्या सुमारास समुद्रात उतरतात. फराक्का धरण १९७५ मध्ये कार्यान्वित होण्यापूर्वी हा मासा गंगेतून थेट प्रयागपर्यंत आणि त्याच्याही वर जात असे. आज त्याची वाट मुख्यतः फराक्क्यापाशीच संपते. म्हणजे अंडी घालण्यासाठी उरलेला नदीचा पट्टा आधीच आखूड झालेला आहे, आणि त्या आखूड पट्ट्यात वाढणारी पिल्ले आपण जाळ्यात ओढतो आहोत.

२३ सेंटिमीटर हे माप आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यास फार सोपे आहे. जुन्या मापानुसार एक वीत म्हणजे नऊ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढेच. अंगठा आणि करंगळी ताणून धरली की कायदा आपल्या हातातच असतो. वीतभर न भरणारा इलिश म्हणजे ज्याने एकदाही अंडी घातलेली नाहीत असे पिल्लू.

मग एवढा साधा नियम मोडतो कुठे? प्रशासनात तीस वर्षे काढल्यावर मी असे म्हणेन की काही नियम लिहिले जातात त्याच क्षणी त्यांच्या अंमलबजावणीचा खर्च कोणी विचारात घेतलेला नसतो. राज्यघटनेनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे बारा सागरी मैलांच्या पलीकडील मासेमारी संघसूचीत येते. माशाला ही सीमा ठाऊक नसते. दिघा, काकद्वीप, नामखाना, फ्रेजरगंज, डायमंड हार्बर अशा लहानमोठ्या धक्क्यांवर पहाटेच्या अंधारात नावा लागतात. मासे बर्फात भरले जातात, ट्रकवर चढतात आणि उजाडेपर्यंत शहरात पोहोचतात. या प्रत्येक धक्क्यावर फूटपट्टी घेऊन उभा राहील एवढा कर्मचारीवर्ग कोणत्याही राज्याच्या मत्स्यविभागाकडे नाही. शिवाय धक्क्यावर येईपर्यंत मासा मेलेला असतो. तो जप्त करून दंड वसूल करता येतो, पण समुद्रात परत सोडता येत नाही. खरी अंमलबजावणी जाळ्याच्या आसाच्या आकारावर व्हायला हवी. त्यासाठीही नियम आहे: ९० मिलिमीटरपेक्षा बारीक आसाचे जाळे इलिशसाठी वापरू नये. परंतु जाळे पाण्यात असते आणि निरीक्षक जमिनीवर.

त्या मासेवाल्याला पुढे एकदा मी विचारले, "दादा, हे लहान मासे का आणता?" त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभले असते. तो म्हणाला, "मोठा घेणारे दहा, हा घेणारे शंभर. मी नाही आणला तर शेजारचा आणेल. गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल आणि मासा तर मेलेलाच आहे." कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली सामाईक मालकीच्या मत्स्यव्यवसायावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचे सार हेच आहे. जे सर्वांचे असते त्याची वाट पाहणे कोणालाच परवडत नाही, कारण मी सोडलेला मासा उद्या माझ्याच जाळ्यात येईल याची हमी नसते.

वास्तविक हा मासा म्हणजे एक उत्तम मुदतठेव आहे. आज दोनशे ग्रॅमचा असलेला इलिश आणखी एक-दोन पावसाळे जगला तर वजनाने चौपट होतो, आणि मोठ्या माशाचा किलोमागचा भावही तीनचार पट असतो. सगळी पिल्ले जगणार नाहीत हे मान्य करूनही, एवढा परतावा देणारी कोणतीही बँक माझ्या पाहण्यात नाही. अडचण एकच आहे. या ठेवीच्या पासबुकावर कोणाचेच नाव नाही. जो आधी पोहोचेल तो मुदतीपूर्वी मोडून घेतो.

आता पुन्हा माशीमांकडे वळतो. त्यांचा राग निवळल्यावर एका संध्याकाळी त्यांनी सांगितले, की पूर्व बंगालमधून आलेल्या अनेक कुटुंबांत विजयादशमीनंतर, काहींकडे लक्ष्मीपूजेनंतर, इलिश घरात येत नसे. माघातील सरस्वतीपूजेच्या दिवशी 'जोडा इलिश', म्हणजे माशांची जोडी, हळदकुंकू लावून घरात आणली जाई आणि मग पुन्हा इलिश सुरू होई. त्यांनी हे व्रत म्हणून सांगितले. मी मात्र मनात दिनदर्शिका मांडू लागलो. दशमी ते सरस्वतीपूजा म्हणजे साधारण ऑक्टोबर ते जानेवारीअखेर. अंडी घालून मासे परत फिरण्याचा आणि नदीत पिल्ले वाढण्याचा नेमका हाच काळ! हा नियम कोणत्याही राजपत्रात छापलेला नव्हता. त्यासाठी निरीक्षक नव्हता, दंड नव्हता. घरातील वडीलधाऱ्या बाईने 'आज नाही' म्हटले की विषय संपत असे.

आपल्या कोकणात याहून वेगळे काय होते? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण केल्यावाचून कोळी बांधव दर्यात उतरत नसत. खवळलेला समुद्र हे त्याचे व्यवहारी कारण होते, हे खरे. पण परिणाम असा होई की माशांना प्रजननाच्या काळात उसंत मिळे. आज केंद्र सरकारच्या आदेशाने पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. म्हणजे जी गोष्ट पूर्वी चालीरीतीने होत असे, तिच्यासाठी आता शासनाला आदेश काढावा लागतो.

दरम्यानच्या काळात काय बदलले? बर्फाचे कारखाने, शीतगृहे, यांत्रिक नौका आणि आपला फ्रीज. मासा बारमाही मिळू लागला आणि स्वयंपाकघरातील नियम हळूहळू निरर्थक वाटू लागले. जामाईषष्ठी ज्येष्ठात येते, म्हणजे बहुधा समुद्र बंद असतानाच. परंतु जावयाच्या पानात इलिश हवाच! आपल्याकडे अधिक मासात जावयाचे जे कौतुक होते, ते पाहता आपण बंगाली सासवांना हसण्याचे कारण नाही. दुर्गापूजा तर थेट अंडी घालण्याच्या हंगामात येते. मागणीचा कळस आणि माशाचा नाजूक काळ एकाच पंधरवड्यात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच प्रश्नावरील संशोधनासाठी. सामाईक साधनसंपत्ती सरकारच्या दंडुक्यानेच वाचते किंवा खासगी मालकीनेच वाचते, असे नाही. वापरणारे लोक स्वतः नियम करून, परस्परांवर लक्ष ठेवूनही ती सांभाळतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले. माझे म्हणणे त्यात एवढीच भर घालते की माशाच्या बाबतीत वापरणारा म्हणजे केवळ कोळी नव्हे. ताटावर बसलेला माणूसही वापरणाराच आहे, आणि नियमाचा शेवटचा पहारेकरी तोच आहे. राजपत्रातील नियम जोवर स्वयंपाकघरात उतरत नाही, तोवर तो अर्धाच आहे.

घेणाऱ्याने माप पाहिले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळमधील कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत, आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या जातीची शिंपली काढली जातात. निर्यात वाढली तशी उपसा वाढला आणि साठा घटू लागला. तेव्हा कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या सल्ल्याने १९९३ च्या सुमारास काही नियम ठरले: डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपली काढायची नाहीत, जाळीचा आस ठराविक मापाचा हवा, आणि किलोमागे १४०० पेक्षा अधिक नग भरतील इतके बारीक मांस निर्यात करायचे नाही. शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लहान शिंपल्याला खरेदीदारच उरला नाही, तर ते काढण्यासाठी पाण्यात कोण उतरेल? २०१४ साली या खाडीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. ते मिळवणारा हा भारतातील पहिला मत्स्यव्यवसाय ठरला.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही गंभीर असल्याने त्यांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा, की इलिश घटला तो धरणाने, प्रदूषणाने आणि मोठ्या ट्रॉलरांनी; गृहिणीच्या पिशवीवर त्याचा दोष का? हे बरोबर आहे. मी वीतभर मासा नाकारल्याने फराक्क्याचे दरवाजे उघडणार नाहीत. ते काम शासनाचे आहे आणि ग्राहकाच्या सद्गुणांचा आडोसा घेऊन शासनाला त्यातून सुटता येणार नाही. परंतु ट्रॉलर बारीक आसाचे जाळे टाकतो, कारण बारीक मासा विकला जातो. निदान ही एक दोरी आपल्या हातात आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मोठा इलिश श्रीमंताला परवडतो. लहान मासा हेच गरिबाचे इलिश. तो खाऊ नको असे सांगणारे आपण कोण? मला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मी स्वतः गरीब नसूनही तो घेतला होता. येथे एक भेद करणे आवश्यक आहे: लहान जातीचा मासा वेगळा आणि मोठ्या जातीचे पिल्लू वेगळे. बंगालमधील मौरला, पुंटी, काचकी हे मासे जन्मभर लहानच राहतात, लवकर वयात येतात आणि झपाट्याने वाढतात. मौरल्यात तर अ जीवनसत्त्व विपुल असते. आपल्याकडची मांदेली याच वर्गातली. गरिबाच्या पोषणाचा खरा आधार हे मासे आहेत. खोका इलिश आज ताटात स्वस्त पडतो, परंतु त्यामुळे उद्याचा मोठा मासा आणखी दुर्मीळ आणि महाग होतो. म्हणजे गरिबाला इलिश मिळण्याची उरलीसुरली शक्यता आपण त्याच्याच नावाने संपवत असतो.

तिसरा आक्षेप कोळ्याच्या बाजूचा आहे: थांबायला सांगता, पण थांबण्याच्या काळात त्याने खायचे काय? येथे बांगलादेशाकडे पाहण्यासारखे आहे. तेथे २५ सेंटिमीटरपेक्षा लहान इलिशला 'जाटका' म्हणतात आणि १ नोव्हेंबर ते ३० जून या काळात तो पकडण्यास बंदी असते. ऑक्टोबरच्या सुमारास २२ दिवस इलिशची मासेमारी पूर्ण बंद ठेवतात. महत्त्वाचे असे, की बंदीच्या काळात नोंदणीकृत मच्छीमार कुटुंबांना तांदूळ दिला जातो; जाटका हंगामातील चार महिने दरमहा ४० किलो. तो सर्वांपर्यंत पोहोचत नाही, पुरा पडत नाही, अशा तक्रारी तेथेही आहेत. तरीही २००२-०३ मध्ये सुमारे दोन लाख टन असलेले तेथील इलिशचे उत्पादन २०१७-१८ पर्यंत पाच लाख टनांच्या पुढे गेले. अलीकडे तेथेही थोडी घट दिसू लागली आहे, म्हणजे बंदी हा रामबाण उपाय नव्हे. पण त्याग मागायचा तर त्याची भरपाई द्यायची, हे तत्त्व मात्र तेथे मान्य झाले. आपल्याकडे २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी शासनाचे ३००० रुपये आणि मच्छीमाराची स्वतःची १५०० रुपयांची बचत, मिळून तीन महिन्यांसाठी ४५०० रुपयांची तरतूद आहे. महिन्याला दीड हजार रुपयांत कोणते कुटुंब थांबू शकेल, याचा विचार आपण निश्चित वेतन घेणाऱ्यांनी प्रामाणिकपणे करावा.

आता वाचकांसाठी काही सूचना. आपण घराबाहेर राहणारे मराठी लोक. दिल्लीत असलो तर चित्तरंजन पार्कच्या बंगाली बाजारात जाऊनही सुरमई आणि पापलेट शोधतो. चेन्नईत, कोलकात्यात, दुबईतही तेच. घरची आठवण स्वाभाविक आहे. परंतु चारच मासे बारमाही हवेत हा आग्रह त्या चार माशांना भारी पडतो. पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवून दिले. केरळने २०१७ पर्यंत ५८ जातींसाठी ते केले होते. मान आणि माप ही दोन्ही पाळायची असतील तर ताटाएवढ्या पापलेटच्या जागी तळहाताएवढे चार घेण्याची सवय सोडावी लागेल. जेथे राहतो तेथील मासा कोणता, त्याचा हंगाम कोणता आणि त्याचे किमान माप काय, एवढे तीन प्रश्न शेजाऱ्याला विचारावेत. माझा अनुभव असा, की मासे हा विषय काढला की कोणत्याही किनाऱ्यावरचा शेजारी तासभर बोलतो.

दुसरी सूचना माझ्या सहकारी अधिकाऱ्यांसाठी आहे. आपली विश्रामगृहे, उपाहारगृहे, प्रशिक्षण संस्था यांत मासे विकत घेतले जातात. त्यांच्या निविदांत वजन, ताजेपणा, दर हे सर्व असते. किमान आकाराची अट मात्र मी क्वचितच पाहिली. एका कार्यालयात उपाहारगृह समितीचे काम माझ्याकडे आले तेव्हा आम्ही ही एक ओळ घातली. ठेकेदाराने कुरकुर केली आणि दर वाढवला. मग इलिशचे दिवस आठवड्यातून एकाऐवजी महिन्यातून एक झाले आणि इतर दिवशी स्थानिक लहान मासे येऊ लागले. पहिला महिनाभर तक्रारी आल्या, पुढे थांबल्या. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नव्हती. होता तो नियम खरेदीच्या कागदावर आणायचा होता, इतकेच.

त्या रविवारी पाहुण्यांनी जेवणाची तारीफ केली. मला मात्र घास गोड लागला नाही, आणि काट्यांचे निमित्त सांगून मी ताट अर्धवट सोडले. पुढच्या पावसाळ्यात मी एकच मासा घेतला, किलोहून थोडा अधिक, आणि त्याचे दोन तुकडे माशीमांकडे पाठवले. त्यांनी ताटली परत पाठवली ती रिकामी नव्हती. तिच्यात नारळाचे लाडू होते. त्यानंतर अनेक बदल्या झाल्या, शहरे बदलली. बाजारात गेलो की आजही माशावर आधी वीत ठेवून पाहतो. मासेवाले हसतात, आणि मी त्यांना हसू देतो.